‘वयाची अट नाही’ म्हणणाऱ्या नटाला जाब विचारायचा की नाही?

आमराई कट्टा (धागा सुरू करणारा)

संध्याकाळच्या बातम्यांत दर दहा मिनिटांनी आरोग्य विम्याची जाहिरात लागते. नावाजलेला नट. नाव घेत नाही, कंपनीचंही नाही. असे चेहरे पाच-सहा आहेत आणि बोलणं सगळ्यांचं सारखंच. ‘वयाची अट नाही. तपासणीची कटकट नाही. पाच लाखांचं संरक्षण. माझ्या आई-बाबांसाठी मी हेच निवडलं.’ खाली इंग्रजीत एक पट्टी पळते, ती टीव्हीला नाक लावलं तरी वाचून होत नाही.

आता बघा, यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, आणि माझी तक्रार तिथंच आहे. वयाची अट नाही हे खरं, पण तो कंपनीचा मोठेपणा नव्हे. पूर्वी ६५ वर्षांपर्यंतच्या माणसाला पॉलिसी देणं कंपन्यांना बंधनकारक होतं, पुढच्यांचा विचार त्यांच्या मर्जीवर. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ती रेषाच पुसली. तरी अर्ज तपासून नाकारायचा किंवा हप्ता वाढवायचा अधिकार कंपनीकडे राहिलाच. तो नट सांगत नाही. आधीपासून असलेल्या दुखण्याला ३६ महिन्यांपर्यंत थांबवता येतं, तेही सांगत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबा, बिलातला दहा-वीस टक्के वाटा तुमचा, खोलीच्या भाड्याला मर्यादा, हे सगळं त्या पट्टीत.

सत्तरीच्या माणसाला दुखणी कुठली असतात? बीपी, साखर, गुडघे, डोळे. म्हणजे ज्या कारणासाठी तो पॉलिसी घेतो, नेमकं त्यालाच पहिली दोन-तीन वर्षं कुलूप.

आमच्या कट्ट्यावर अशा पॉलिसी घेतलेले बरेच जण आहेत. कोणती घेतली विचारलं तर कंपनीचं नाव कुणालाच आठवत नाही. ‘त्या अमक्याची घेतली’, म्हणजे नटाची. मग जबाबदारीही त्या अमक्यावर का नको?

मिरजेचा विमावाला

काका, बावीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून जरा कडू बोलतो. क्लेम अडकतात ते नटामुळं नाही. प्रपोजल फॉर्म भरताना साखर लपवतात त्यामुळं अडकतात. ‘गोळी चालू आहे का?’ विचारलं की ‘छे, अधूनमधून घेतो’. आणि मिरजेत ॲडमिट झाल्यावर डॉक्टरांना स्वतःच सांगतात, पंधरा वर्षं डायबेटिस आहे. ते केसपेपरवर येतं, केसपेपर कंपनीकडे जातो, आणि शिव्या मला पडतात.

दुसरं असं, की तीस सेकंदांत ३६ महिन्यांचा थांबा, को-पे म्हणजे बिलातला आपला वाटा, रूम लिमिट सगळं कसं सांगायचं? त्यासाठी पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक येतं, थोडक्यात आणि सोप्या भाषेत. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. कायद्यानं एवढं दिलंय. माणूस वाचतच नसेल तर नटानं घरी येऊन वाचून दाखवायचं का?

नटाच्या चेहऱ्यामुळं निदान विषय तरी घरात निघतो. नाहीतर आपल्याकडं ‘विमा’ म्हटलं की मरणाचं बोलू नका म्हणून गप्प करतात.

गावभाग ४१६४१६

घरी येऊन वाचून दाखवायचं काम एजंटाचं हाय की वो. कमिशन त्याचंच घेता ना?

मिरजेचा विमावाला

माझ्याकडून घेतलेल्यांना वाचून दाखवतो. फोनवर घेतलेल्यांना नाही. टीव्हीवरच्या नंबरला फोन लावून घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी माझ्याकडं आणून टाकतात, त्याला मी काय करणार.

कुपवाडची सून

दादा, ‘लपवतात’ हे सरसकट म्हणू नका. आमच्या सासूबाईंची पॉलिसी फोनवरच झाली. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की बीपीची गोळी आहे. मी शेजारी बसले होते. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘आजी, बीपी सगळ्यांनाच असतं, ते चालतं.’ फॉर्म आला तेव्हा तिथं ‘नाही’ लिहिलेलं. आम्ही तो तीस दिवसांत बघितला म्हणून दुरुस्त करून घेतला. दुरुस्तीनंतर हप्ता वाढला.

आणि सासूबाईंनी फोन का केला? त्या नटाच्या सगळ्या मालिका त्यांनी बघितल्यात. ‘तो कशाला फसवील?’ हे त्यांचं वाक्य. कंपनीनं त्याला पैसे दिलेत ते या वाक्यासाठीच ना?

नाट्यवेडा

मला हे पटत नाही. सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं, तेव्हापासून आपण रंगवलेली तोंडं बघतोय. रावणाचं काम करणाऱ्याला रस्त्यात कुणी दगड मारत नाही. नटाला लिहून दिलेली वाक्यं तो म्हणतो. विम्याचं त्याला काय कळतं? हातात कागद दिला, दिवा लागला, म्हटलं, घरी गेला. शिक्षा लिहिणाऱ्याला आणि पैसे घालणाऱ्याला करा.

आणि एकदा नटाला पकडलं की थांबायचं कुठं? साबण, गुटख्याच्या नावाची वेलची, जमिनीचे प्लॉट, सगळ्यांना पकडा मग.

आमराई कट्टा

पकडाच की! वेलचीवाल्यांना तर आधी.

नाट्यवेडे, रावणाचं काम करणारा तिकीट काढलेल्या लोकांपुढं उभा असतो आणि पडदा पडल्यावर सगळ्यांना ठाऊक असतं की लंका जळाली नाही. जाहिरातीत नट पात्राच्या नावानं येत नाही. स्वतःच्या नावानं येतो आणि ‘माझ्या आई-बाबांसाठी मी निवडलं’ म्हणतो. हा संवाद नाही, ही साक्ष आहे.

कायदाही तसंच धरतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २१: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण कंपनीला तसंच जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय चेहऱ्याला एक वर्ष, पुन्हा घडलं तर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. सुटकेची वाटही दिलीय: करार करण्याआधी दावे खरे आहेत का याची योग्य ती चौकशी केली होती, हे दाखवलं तर दंड नाही. त्याच प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर असंय की शिफारस हे त्या माणसाचं प्रामाणिक मत असलं पाहिजे आणि ते पुरेशा माहितीवर किंवा स्वतःच्या अनुभवावर बेतलेलं पाहिजे. ‘मला विम्यातलं काय कळतं’ हा बचाव उरतच नाही. कळत नसेल तर शिफारस करू नये. ७ मे २०२४ ला औषधांच्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही प्रसिद्ध व्यक्ती तितक्याच जबाबदार असल्याचं म्हटलंय.

नाट्यवेडा

चौकशी केली की सुटला म्हणता. मग काय, नटाचा वकील एक पत्र मागवून घेईल, कंपनी देईल, झाली चौकशी. तुमच्या आजोबांचा क्लेम तसाच.

हिशेबनीस, विश्रामबाग

नट-बिट बाजूला ठेवून जरा आकड्यात बोलू. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का म्हणजे दिवसाला ५,००० आणि २० टक्के को-पे, असं धरा. पेशंट पाच दिवस ८,००० च्या खोलीत राहिला. बिल ३ लाख: खोली ४०,०००, डॉक्टर-ऑपरेशन-नर्सिंग १,६०,०००, औषधं-इम्प्लांट-तपासण्या १ लाख.

लोकांना वाटतं खोलीच्या वरचे १५,००० गेले, बाकी मिळेल. तसं नाही. खोली महाग घेतली की डॉक्टर-ऑपरेशनचा आकडाही त्याच प्रमाणात कापला जातो, पाच-अष्टमांशच धरतात. खोलीचे २५,०००, डॉक्टर वगैरे १ लाख. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, ते पूर्ण १ लाख. झाले २,२५,०००. त्यावर २० टक्के को-पे, ४५,००० वजा. हातात १,८०,०००. खिशातून १,२०,०००.

पाच लाखांचं संरक्षण, तीन लाखांचं बिल, आणि तरी सव्वा लाखाच्या आसपास आपले. यात कंपनीनं नियम मोडलेला नाही. हे एक गणित जाहिरातीत दाखवलं असतं तर किती जणांनी फोन लावला असता?

मिरजेचा विमावाला

गणित बरोबर आहे. पण खोलीमर्यादा नसलेल्या पॉलिसीही मिळतात, हप्ता जास्त पडतो. ज्येष्ठांना स्वस्त हवं आणि सगळं हवं, हे जमत नाही.

ऑस्टिनहून, मूळ वालचंदचा

अमेरिकेत हाच खेळ मोठ्या प्रमाणात झाला. तिथं ६५ नंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा असतो. तो थेट न घेता खासगी कंपन्यांमार्फत घ्यायच्या ‘ॲडव्हांटेज’ योजना विकायला जो नेमथ या जुन्या फुटबॉलपटूच्या जाहिराती वर्षानुवर्षं चालल्या. दात, डोळे, चष्मा, ज्यादा फायदे, आत्ता फोन करा. फोन सरकारकडे जात नाही, विमा विकणाऱ्यांकडे जातो. अशा योजनेत डॉक्टर-हॉस्पिटलांची ठरावीक यादी असते, हे म्हाताऱ्यांना नंतर कळायचं. २०२२ मध्ये सिनेटच्या अर्थ समितीनं या फसव्या विक्रीवर अहवाल काढला. २०२३ पासून टीव्हीवरची जाहिरात दाखवण्याआधी सरकारी खात्याकडे सादर करावी लागते, आणि कुठल्याच योजनेचं नाव न घेता मोघम जाहिरात करायला बंदी आली.

तिकडं नटाला कुणी धरलं नाही. जाहिरातच आधी तपासायला लावली. मला तो रस्ता जास्त उपयोगाचा वाटतो.

कुपवाडची सून

तपासणाऱ्याच्या टेबलावर पण सासूबाईंसारखं कुणीतरी बसवा. वकील नको.

गावभाग ४१६४१६

एक साधं विचारतो. ७० च्या वरच्यांना सरकारचं कार्ड हाय ना? मग एवढी धावाधाव कशाला?

मिरजेचा विमावाला

आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, आयुष्मान वय वंदना. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आधीच्या आजारांना थांबा नाही, खासगी पॉलिसी असली तरी काढता येतं. फक्त हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी विचारा. धंद्याचं नुकसान करून सांगतोय, वडील सत्तरीचे असतील तर आधी ते कार्ड काढा आणि मग माझ्याकडं या.

आणखी दोन गोष्टी. ३० जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. क्लेम नाकारला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं वर्षाच्या आत जा. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. हे कुठला नट सांगत नाही, हे मात्र मान्य.

आमराई कट्टा

मग आता नेमकी तक्रार कशाची करायची ते ठरवू. २०२२ च्या त्याच तत्त्वांत आणखी एक आहे: खुलाशाची पट्टी दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फाँटमध्ये हवी. दावा मराठीत बोलून केलाय, पट्टी इंग्रजीत मुंगीएवढी. यात मतभेदाला जागा नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते, म्हणजे पुण्या-मुंबईला जायला नको, सांगलीतच विजयनगरला त्यांच्या कचेरीत जायचं. जाहिरातीचं रेकॉर्डिंग आहे. कुपवाडच्या ताई, फोनवर काय झालं ते लिहून द्याल का?

कुपवाडची सून

देते. सासूबाईंची सही पण आणते. त्यांना नटाचं नाव घालायला नको आहे, तेवढं बघा.

मिरजेचा विमावाला

पट्टीच्या मुद्द्याला माझी पण सही घ्या. नटाच्या मुद्द्याला नाही.

आमराई कट्टा

दोन अर्ज करतो, पहिला पट्टीचा, दुसरा नटाचा. दुसऱ्यावर सही करणारे सोमवारी पाचला आमराईत या.