गाडीतला चार्जर सैल बसतो, सारखा निसटतो – तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, धागा काढायचं कारण सांगते. मागच्या महिन्यात आईला मुंबईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, नाशिकहून पहाटे निघालो. पाथर्डी फाटा सोडला आणि तेव्हापासून जे सुरू झालं, गाडी जरा हादरली की फोन टिंग करून चार्जिंग बंद, परत हादरली की टिंग, चालू. घोटीच्या पुढे तर खड्डाच आला की चार्जर अर्धा बाहेर. आईचे सगळे रिपोर्ट फोनमध्ये, रस्ता पण त्याच्यावरच बघायचा. शेवटी आईने अख्खा कसारा घाट उतरेपर्यंत चार्जर बोटाने दाबून धरला, ७२ वर्षांची बाई, आणि वर म्हणते तू रस्त्याकडे बघ. मला इतकं वाईट वाटलं ना. चार्जर नवा आहे, घरच्या दुसऱ्या गाडीत तोच घट्ट बसतो, मग दोष कोणाचा तेच कळेना. ज्यांनी ज्यांनी हे भोगलंय त्यांनी काय केलं, काय चुकलं, काय टिकलं सगळं लिहा. छोटा अनुभव असला तरी चालेल.

---

ताई, आधी काय करू नका ते सांगतो. माझी पिकअप आहे, सीझनला पिंपळगावहून द्राक्षं वाशीला नेतो, सगळं काम रात्रीचं. चार्जर सैल होता म्हणून कोणीतरी सांगितलं चांदीचा कागद गुंडाळ, मी पण सिगारेटच्या पाकिटातला गुंडाळला आणि दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या रात्री इगतपुरीच्या अलीकडे कागद सरकून आत गेला, एक ठिणगी आणि सगळं बंद. नंतर कळलं की मधली पिन म्हणजे प्लस आणि सॉकेटची भिंत म्हणजे मायनस, कागद दोघांना एकदम चिकटला. फ्यूज उडाला म्हणून वायरिंग वाचलं. त्या फ्यूजच्या जागी कोणी आधी तार घालून ठेवली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो, मागे चार टन माल नसला तरी गाडी माझ्या पोटाची आहे. चांदीचा कागद कधीच नको, कोणी कितीही सांगू द्या.

---

वरच्या दादांनी अगदी बरोबर लिहिलंय. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, नाशिकमध्येच द्वारकेच्या बाजूला, २२ वर्षं झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

हे सॉकेट मुळात सिगारेट लायटरचं. फोनसाठी कोणी बनवलेलंच नाही. आतलं भोक साधारण २१ मिलीमीटर, पण प्रत्येक गाडीत नि प्रत्येक चार्जरमध्ये थोडा थोडा फरक, म्हणून ताईंचा चार्जर एका गाडीत घट्ट आणि दुसऱ्या गाडीत ढिला. त्यात चार्जरच्या टोकाला जी पिन आहे तिच्या मागे स्प्रिंग असते, ती चार्जरला सतत बाहेर ढकलते. त्याला आत धरून ठेवायचं काम फक्त बाजूच्या दोन धातूच्या पत्त्या करतात. आटा नाही, लॉक नाही, काही नाही. पत्त्या एकदा दबल्या की संपलं.

माझ्याकडे गाडी आली की मी पहिलं चावी बंद करतो आणि त्या सॉकेटचा फ्यूज काढून ठेवतो. मग टॉर्च मारून आत बघायचं. निम्म्या गाड्यांमध्ये कचराच असतो, बिस्किटाचा चुरा, माती, एकदा तर रुपयाचं नाणं निघालं. कोरड्या जुन्या टूथब्रशने साफ करायचं, काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे इलेक्ट्रिक जोड साफ करायचा स्प्रे, मारून पूर्ण वाळू द्यायचं. पाणी नाही. त्यानंतर चार्जर हातात घ्या, बाजूच्या पत्त्या अंगठ्याने दाबून बघा, सुटल्यावर टपकन बाहेर यायला पाहिजेत. नसतील येत तर बारीक तोंडाच्या पक्कडने हळूच बाहेर ओढायच्या, एक मिलीमीटर, फार तर दीड. जास्त ओढली तर तुटते किंवा सॉकेटमध्ये अडकते. पुढची पिन पण दाबून बघा, ती आतच रुतून बसली असेल तर चार्जर कितीही घट्ट बसवा, तो चालू-बंदच होणार.

आणि ढिला कॉन्टॅक्ट म्हणजे नुसता वैताग नाही, तो तापतो. साध्या २० वॅटच्या चार्जरला दोन अँपिअरच्या आतच करंट लागतो, पण ६५ वॅटवाला पाच-सहा अँपिअर ओढतो, आणि करंट तिप्पट झाला की त्याच ढिल्या जागी उष्णता नऊपट होते. टोकाचं प्लास्टिक वितळून सॉकेटमध्ये चिकटलेले चार्जर मी स्वतः काढलेत. अर्धा तास चालवून चार्जर काढा, टोकाला हात लावा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर तो परत लावू नका.

---

माझं प्रकरण वेगळंच होतं, चार्जर सॉकेटमध्ये घट्टच होता पण सॉकेटच मागून सैल! चार्जर फिरवला की अख्खं सॉकेट फिरायचं आणि मागची वायर पिळली जायची. वडिलांची २००६ ची गाडी. सॉकेट बदलून घेतलं, प्रश्न मिटला. वरचे इलेक्ट्रिकवाले काका म्हणतात तसं आधी टॉर्च मारून बघा आणि चार्जर हलवताना कडा हलतेय का तेही बघा.

---

मी एअरपोर्टच्या फेऱ्या करते, ओझर आणि मुंबई दोन्ही. मला वाटतं अर्ध्या वेळा वजनाचा दोष असतो. माझा पहिला चार्जर लांबलचक, वर डिस्प्ले, तीन पोर्ट, तीन केबली लोंबतायत, खड्ड्यात तो पंप मारल्यासारखा वरखाली व्हायचा आणि त्यानेच पत्त्या बसल्या. आता बुटका घेतलाय, सॉकेटच्या बाहेर जेमतेम नखाएवढा राहतो. एम. जी. रोडवर घेतला, दुकानदाराला आधीच म्हटलं दादा गाडीत लावून बघते मग पैसे देते, त्याने चार दिले, चारांतला एकच नीट बसला. असंच घ्या, पाकीट बघून काही कळत नाही. पॅसेंजरला मागे चार्जिंग लागतं तर केबल लांब घेतली आणि सीटच्या बाजूने क्लिप करून नेली म्हणजे ओढ चार्जरवर येत नाही.

---

इन्सुलेशन टेप कोणी लावला तर वरच्या गळ्याला दोन वेढे, पत्त्यांवर अजिबात नाही. तरी उन्हाळ्यात गोंद वितळून सॉकेट चिकट होतं, माझं झालं. त्याच्यापेक्षा श्रिंक स्लीव्ह म्हणजे प्लास्टिकची पातळ नळी बरी, तापवून आवळते आणि गोंदाची भानगड नाही.

---

एक शंका दूर करतो, गाडी सेल्फ मारताना चार्जिंग क्षणभर जातं तो सैलपणा नाही. तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज पडतो. उगाच पत्त्या ओढत बसू नका.

---

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी भाऊ आला होता, फ्यूज काढून आम्ही दोघं बसलो. काका, सॉकेटमध्ये काय निघालं सांगू, कुंकू. नवरात्रात सप्तशृंगी गडावरून येताना पुडी सांडली होती, वरचं पुसलं होतं पण आत सॉकेटच्या तळाशी सगळा लाल थर आणि तो दमट होऊन घट्ट बसलेला. ब्रशने काढता काढता वर्तमानपत्र लाल झालं. चार्जरची एक पत्ती पण तुम्ही म्हणालात तशी आत बसलेली होती, दुसरी ठीक. भावाने ती हळूच ओढली, आता चार्जर आत जाताना कट् असा आवाज येतो जो आधी येतच नव्हता. गाडी सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून चार वेळा नेली, टिंग नाही. अर्ध्या तासाने हात लावून बघितला, कोमट.

गुरुवारी आईची परत तपासणी आहे, पाचला निघतोय. घाटात कसा राहतो ते रात्री आल्यावर इथेच लिहिते.