मदत हवी आहे: वांग्यावरचे ठिपकेवाले आणि जास्वंदीवरचे पांढरे किडे, ठेवू की मारू?

ग्रिलमधली_बाग

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

भांडुपला तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीच्या ग्रिलमध्ये जास्वंद, मिरची, वांगं, कढीपत्ता एवढाच पसारा. औषध कधी मारत नाही, कारण मिरची आणि कढीपत्ता तिथून थेट फोडणीत जातात. पण रविवारी सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येणार आहेत आणि सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, कुंड्यांवरही एक हात मारून घेऊ का? किडे फार झालेत तुमच्याकडे." त्याआधी कोण राहणार आणि कोण जाणार हे मला ठरवायचंय.

मिरचीवर मावा, म्हणजे रस पिणारे बारीक किडे, आहेत. शेंड्याची पानं वळलीत, हात लावला की चिकट लागतात. त्यात केशरी-पिवळे, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेले लेडीबग फिरतात. ते चांगले, एवढं माहीत आहे. पण त्यांच्यातच एक काळपट, लांबट, पिवळसर डागांची अळी आहे, मगरीच्या पिल्लासारखी. ती कोणाची?

वांग्यावरही लेडीबगच आहेत, विटकरी रंगाचे आणि ठिपक्यांनी भरलेले. पण पानांची पार जाळी झालीय, नुसत्या शिरा उरल्यात. लेडीबग पानं खातो का हो?

आणि जास्वंदीवर मिलीबग. कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस चिकटलाय. त्यातले काही मात्र भलतेच मोठे, झिपरे, आणि चक्क चालतात! खोडावर मुंग्यांची रांग तर कायमचीच.

लेक दुसरीत आहे. ठिपके मोजले की लेडीबगचं वय कळतं असं तिला वर्गात कोणीतरी सांगितलंय. तिला काय सांगू? आणि ऑनलाइन लेडीबग विकत मिळतात म्हणे, आणावेत का?

निवांत_नीलकंठ

एवढा विचार करू नका. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडं भांड्यांचं लिक्विड, आणि आठवड्यातून एकदा सगळीकडे फवारा. माझी गच्ची अशीच चालते.

वाड्याचे_आबा

नीलकंठराव, तेल ठीक आहे, तेवढं "सगळीकडे" नको. साबणाचं पाणी मऊ अंगाच्या प्रत्येक किड्याला मारतं, आणि मित्रकीटकांच्या अळ्याही मऊच असतात.

ताई, माझी नोकरी कृषी खात्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मिरचीपासून सुरू करू. ती मगर म्हणजे त्याच लेडीबगची अळी, आमच्या भाषेत ढालकिड्याची. तिला अजिबात हात लावू नका, कारण वाढीचं वय असल्याने खाण्याचा खरा सपाटा तिचाच असतो. भिंग असेल तर लेकीला दाखवा. अळी मावा जबड्यात धरते, आतला रस ओढून घेते, आणि मागे सुरकुतलेलं सालपट राहतं. पोट भरून मोठी झाली की शेपटाकडून पानाला चिकटते आणि तिथेच कोष होतो. कोषाला काडी लावली तर तो झटका देऊन उभा राहतो, मेलेला समजून टाकू नका. नुकता बाहेर आलेला ढालकिडा फिकट पिवळा, बिनठिपक्याचा असतो. काही तासांत रंग चढतो, आणि मग जे ठिपके किंवा रेघा दिसतात त्या मरेपर्यंत तेवढ्याच. त्यामुळे वयाचं गणित चुकीचं आहे, बाईंनाही सांगा.

तुमच्याकडचा नागमोडी रेघांचा तो चेलोमेनस सेक्समॅक्युलाटा. मुंबईत अगदी सर्रास. रेल्वे रुळांकडेच्या रुईवर पिवळाजर्द मावा लागलेला असतो ना, तिथे बघा, हमखास सापडेल. मावा मिळेनासा झाला तर यांच्या अळ्या आपल्याच भावंडांची अंडीही खातात, तेव्हा फार सोज्वळ समजू नका.

आता वांगं. तुमची शंका बरोबर आहे. घराणं तेच, पण हा शाकाहारी. हेनोसेपिलॅक्ना, शेतकरी एपिलॅक्ना भुंगेरा म्हणतात. पाठीवर बहुधा 28 ठिपके. वांगं, बटाटा, टोमॅटो, कारलं यांच्यावर येतो आणि पानाचा हिरवा भाग खरवडून शिरा तेवढ्या सोडतो. ओळख म्हणजे चकाकी. मावा खाणाऱ्यांची पाठ पॉलिश केल्यासारखी चमकते. याची मळकट दिसते, कारण अंगावर बारीक लव असते. याची अळी पिवळी आणि काटेरी. फवारणीची गरज नाही. सकाळी लवकर, ते सुस्त असतात तेव्हा, पानाखाली साबणाच्या पाण्याचा वाडगा धरून झाड हलवा, धपाधप पडतात. पानामागे पिवळ्या, उभ्या, टोकदार अंड्यांचे पुंजके दिसले तर ते पान खुडा. पण हे फक्त वांग्यावर. मिरचीवर माव्याशेजारी तशीच पिवळी अंडी दिसतील, ती आपल्या माणसांची.

जास्वंदीवरच्या झिपऱ्यांचा फोटो टाकता का?

ग्रिलमधली_बाग

आबा, मनापासून आभार. वांग्यावरचे आज सकाळीच वाडग्यात गेले. पकडताना एकाने बोटावर पिवळं काहीतरी सोडलं, घाण वास. विषारी नाही ना?

फोटो नीट येत नाहीये, ग्रिलमुळे मागून ऊन येतं. पण खुणा सांगते. मिलीबग लंबगोल, चपटे आणि जागच्या जागी. हे त्यांच्या तिप्पट लांब, अंगावर पांढऱ्या मेणाच्या लोंबत्या झिपऱ्या, आणि कापसाच्या पुंजक्यात तोंड खुपसून बसतात. एकाला काडीने उलटवलं तर खाली सहा पाय स्पष्ट दिसले, आणि लगेच सुलटा होऊन पळाला.

वाड्याचे_आबा

पळाला म्हणजे बहुतेक क्रिप्टोलिमस! अहो, नशीब काढलंत. हाही ढालकिडाच, अळी अशी पांढरी झिपरी, आणि मोठा झाला की काळपट तपकिरी अंग, डोक्याकडे नारिंगी. ठिपका एकही नाही, म्हणून लोक याला ओळखत नाहीत. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला, आणि पुढे कामाला आला तो पिठ्या ढेकणांवर, म्हणजे तुमच्या मिलीबगवर. द्राक्षबागायतदार याला पैसे मोजून आणतात आणि तुमच्याकडे तो फुकट आलाय. लोक मिलीबग समजून जोराच्या पाण्याने धुऊन टाकतात, मग कापूस परत का वाढला म्हणून कपाळाला हात लावतात.

पिवळा रस विषारी नाही. धोका वाटला की ढालकिडे पायांच्या सांध्यांतून तो सोडतात. चव कडू, त्यामुळे पक्षी पुन्हा वाटेला जात नाहीत. हात धुवा, झालं.

आता तुमचं खरं दुखणं सांगतो, मुंग्या. मावा आणि मिलीबग झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा सोडतात. तो मुंग्यांचा खाऊ. त्या बदल्यात मुंग्या राखण करतात, ढालकिडा आला की चावून हुसकावतात. आधी ती रांग तोडा. खोडाला रुंद चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन किंवा ग्रीस फासा, आणि ग्रिलला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून पूल करतात. काहीजण कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवतात, मुंबईत ते नको. डास होतील आणि पालिकेची माणसं दारात येतील.

विकत आणू नका. उघड्या खिडकीत सोडलेले ढालकिडे खाणं संपलं की उडून जातात, आणि ते जाणारच. त्यापेक्षा एका कुंडीत कोथिंबीर नाहीतर शेपू फुलावर जाऊ द्या. मोठ्या ढालकिड्यांना परागकण आणि मधुरसही चालतो.

रानवाटा

मध्ये तोंड घालतो. पांढरं, मेणाने माखलेलं आणि मिलीबग खाणारं दरवेळी क्रिप्टोलिमसच असेल असं नाही. एपफ्लाय नावाच्या छोट्या फुलपाखराची अळीही हेच करते. आपल्याकडची फुलपाखरांची सुरवंटं जवळजवळ सगळी पाला खाणारी, ही मात्र पक्की मांसाहारी. ती जाडसर असते आणि सावकाश सरकते, त्यामुळे ताईंनी पाहिलेली पळणारी ती नव्हे. पण पानावर माकडाच्या तोंडासारखा दिसणारा इवलासा कोष सापडला तर फोटो नक्की टाका. खरंच डोळे-नाक दिसतं.

निवांत_नीलकंठ

बरं बाबा, "सगळीकडे" मागे घेतो. पण मावा फारच झाला तर काय, बघत बसायचं?

वाड्याचे_आबा

नाही. जास्त भरलेले शेंडे खुडा, बाकीच्यांवर बोट फिरवून चिरडा. थोडा मावा मागे राहू द्या, नाहीतर ढालकिडा थांबेल कशाला? तेल मारायचंच असेल तर एकही अळी नसलेल्या फांदीवर, संध्याकाळी.

आणि ताई, रविवारचं. झुरळांसाठी स्वयंपाकघरात जेलचे ठिपके लावतात, त्याने कुंड्यांना काही होत नाही. फवारणी किंवा धूर करणार असतील तर खिडकी लावून घ्या, आणि कुंड्यांना स्पष्ट नाही म्हणा. एकतर ते औषध खायच्या झाडांसाठी नसतं. दुसरं, त्याने मावा आणि ढालकिडा दोघंही मरतात, पण परत येण्याचा वेग सारखा नाही. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडाभरात स्वतः वितात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे मधले दिवस मावा मोकाट.

ग्रिलमधली_बाग

सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "किडे पाळणारं पहिलंच घर बघतोय." पण ऐकलं. चिकटपट्टी लावून झाली, मुंग्या तिच्यापाशी येऊन गोंधळ घालतायत. लेकीने मिरचीवरचा एक कोष हेरून ठेवलाय आणि शाळेतून आली की दप्तर तसंच टाकून आधी तिकडे पळते.

गिरगावकर_चाळ

धागा हायजॅक करतोय, माफी. आमच्या गॅलरीत दुधी भोपळ्याचा वेल आहे. पानांवर पांढरी पावडर आलीय आणि तिच्यावर पिवळेधमक लेडीबग, पाठीवर एकही ठिपका नाही, मानेशी मात्र पांढऱ्यावर दोन काळे. पानाला भोकं नाहीत. हा कुठल्या पक्षाचा?

वाड्याचे_आबा

तुमच्याच. बहुधा इलेस असावा, तो ती पावडरच खातो. पावडर म्हणजे भुरी, बुरशीचा रोग. पण तो एकटा भुरी संपवू शकत नाही. खालची, जास्त पांढरी झालेली पानं काढून टाका, वेलाला हवा लागू द्या. टाकण्याआधी पान उलटून झटका, पिवळ्या अळ्या असतील तर त्या वेलावर परत सोडा.