पदरमोड की खिशातून खर्च?

रानजाई
आरोग्यधोरणावरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. वाचणार आहेत ते ग्रामपंचायतीतले लोक, आशाताई आणि रुग्ण कल्याण समितीचे सदस्य. त्यात 'आउट-ऑफ-पॉकेट एक्स्पेंडिचर' पानोपानी येतं. म्हणजे उपचार घेताना घरच्यांनी थेट मोजलेले पैसे. जे सरकारने दिले नाहीत, विम्यातून आले नाहीत. विम्याचा हप्तासुद्धा यात धरत नाहीत, कारण तो आजारपणाच्या आधीच भरलेला असतो.

मी सगळीकडे 'पदरमोड' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक ठिकाणी लाल खूण केली आहे: "पदरमोड म्हणजे दुसऱ्याच्या कामासाठी आपले पैसे घालणे. स्वतःच्या औषधाला पैसे दिले तर ती पदरमोड कशी?" माझी आजी मात्र आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल "सगळी पदरमोड झाली" असंच म्हणायची. आजी चुकत होती का?

अडलेलं वाक्य असं: '2013-14 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चात ___चा वाटा 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला.' शुक्रवारी द्यायचं आहे.

गोदाकाठ
तपासणाऱ्या बाई बरोबर आहेत. मास्तर पदरमोड करून शाळेला खडू आणतात, कार्यकर्ता पदरमोड करून अंक काढतो. काम दुसऱ्याचं आणि देणाऱ्याची राजीखुशी, या दोन्ही गोष्टी त्या शब्दात आहेत. आजीचा शब्द आपल्याला प्रिय असतो, पण तेवढ्याने तो अहवालात बसत नाही. 'स्वखर्च' लिहा. निखळ मराठी आहे, कुणी अडणार नाही.

शिलालेख
'स्वखर्च' म्हटलं की मला 'उमेदवारांनी स्वखर्चाने उपस्थित राहावे' आठवतं. शिवाय त्यात ऐपत गृहीत धरलेली आहे. सरळ 'खिशातून खर्च' लिहावं, वर्तमानपत्रांतही तेच येतं.

गोदाकाठ
वर्तमानपत्रं तर 'खर्चाचा बोजवारा' पण लिहितात. इंग्रजीत पॉकेट आहे म्हणून मराठीत खिसा शिवायचा, हे मला मान्य नाही.

डोंगरवाट
मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करते, बारा वर्षं झाली. आमच्या पाड्यांवरच्या बायकांना खिसाच नसतो. पैसे कनवटीला नाहीतर पदराच्या गाठीला. त्यामुळे रानजाईताईंचा शब्द मला पहिल्या वाचनात कळला, 'खिशातून खर्च' वाचताना डोळ्यांसमोर शर्ट घातलेला बाप्या येतो.

आता गोदाकाठ काकांच्या मुद्द्याबद्दल. माझ्या जावेचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 मध्ये आला, तेव्हापासून औषधं, तपासण्या, जेवण, रक्त, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत मिळायला हवं. प्रत्यक्षात तिथे सलाइनची बाटलीसुद्धा बाहेरच्या मेडिकलमधून आणायला चिठ्ठी दिली. गाडी वेळेत आली नाही म्हणून जीपवाल्याला हजार रुपये दिले. हा खर्च आमचा नव्हताच, सरकारने अंगावर घेतलेला होता. दुसऱ्याचं काम आम्ही आमच्या पदराने निभावलं. मग तुमच्याच व्याख्येने ही पदरमोड झाली ना?

गोदाकाठ
हा मुद्दा मला सुचला नव्हता. तुम्ही सांगितलेल्या उदाहरणात शब्द चपखल बसतो, मान्य. पण अहवालातला आकडा सगळ्याच खर्चाचा आहे. कुणी हौसेने महागड्या खासगी रुग्णालयात स्वतंत्र खोली घेतली तर तीही त्यात मोजली जाणार. तिला पदरमोड म्हटलं तर 'हे सगळं सरकारनेच द्यायला हवं होतं' असा निकाल अनुवादकाने शब्दातच दिल्यासारखं होईल. आणि राजीखुशीचं काय? तुमच्या जावेने राजीखुशीने दिले नाहीत.

शिलालेख
राजीखुशी कुठे लिहिली आहे? 'मोड' म्हणजे मोडणं. ठेव मोडली, पाटल्या मोडल्या, एफडी मोडली. कुणी हसत मोडत नाही. पदराच्या गाठीत बांधलेलं नाणं मोडायचं, ती पदरमोड. माझ्या मते शब्दाचा जन्मच सक्तीतला आहे, समाजकार्याचा अर्थ नंतर चिकटला.

गोदाकाठ
त्याला काही आधार? पदर उपरण्याला असतो, शेल्यालाही असतो. आणि 'पदरचे' म्हणजे नुसतं 'स्वतःचे', पदरी बाळगणे, पदरचं घालून सांगणे. त्यात गाठ बांधलेलं नाणं कुठून आलं?

मांडवीपार
आमच्याकडे कोकणीत खिशाला 'बोल्स' म्हणतात, पोर्तुगिजांकडून आलेला. इस्पितळही तसंच. परका आहे म्हणून आमच्या आयांनी तो बाजूला टाकला नाही. तुमचा 'खिसा' तरी कुठे घरचा आहे, फारसीतून आलाय. दवाखाना, विमा, खर्च हे सगळे त्याच वाटेने आले. शुद्धतेची चाळणी लावली तर आरोग्यावर मराठीत एक वाक्य उरणार नाही.

कागदपत्र
मी आरोग्य अर्थशास्त्र शिकवतो. शब्द कुठलाही घ्या, पण त्यात काय बसतं ते ठरवून घ्या. डोंगरवाटताईंच्या जावेला 'किती खर्च आला' विचारलं तर ती औषधं, जीप, सोबतिणीचं जेवण आणि बुडालेली मजुरी मिळून एकच आकडा सांगेल. तुमच्या वाक्यातला आकडा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचा, म्हणजे देशात आरोग्यावर कोणी किती खर्च केला त्याच्या सरकारी हिशेबाचा. त्यात बुडालेली मजुरी नसते, सोबतच्या माणसाचं खाणं-राहणंही नसतं. लोकांची 'पदरमोड' अहवालातल्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

आणि रानजाई, त्या वाक्यातला 'वाटा' हा शब्द कृपया हलवू नका. नाहीतर टक्का घसरला म्हणजे घरचे पैसे तितके कमी जाऊ लागले, असं वाचलं जाईल. त्याच काळात सरकारचा वाटा 28.6 वरून 48 टक्क्यांवर गेला, 2021-22 मध्ये कोविडचा खर्चही होता. एकूण वाढलं की टक्का आपोआप उतरतो. शिवाय घरखर्चाचा अंदाज 2017-18 च्या पाहणीवरून पुढे ओढलेला आहे.

डोंगरवाट
म्हणजे जीपवाल्याचे हजार तुमच्या आकड्यात असतील-नसतील, आणि बुडालेली मजुरी तर नाहीच. तिच्या घरी बोकड विकला तो यामुळेच.

कागदपत्र
हो. म्हणूनच योजनांचं मूल्यमापन करताना मला हे खटकतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भरती झाल्यावरच्या ठरावीक उपचारांचे पैसे सुटतात, आणि ते मोठे असतात, त्याचं मोल आहेच. पण घरचे पैसे सगळ्यात जास्त जातात औषधांवर. बीपी-शुगरची गोळी भरती न होता दर महिन्याला घ्यावी लागते, ती या योजनेत येत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत, हा चांगलाच निर्णय. तरी कपाटात गोळी नसेल तर मोफत केसपेपरवर मेडिकलची चिठ्ठीच लिहून मिळते.

रानजाई
सगळ्यांचे आभार, पण दुसरी अडचण वाढली. याच अहवालात 'कॅटॅस्ट्रॉफिक' खर्च आहे, म्हणजे घरच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या 10 टक्क्यांवर, दुसऱ्या मापाने 25 टक्क्यांवर गेलेला. आधीच्या अनुवादात 'आपत्तिजनक' आहे.

शिलालेख
तो काढा! हिंदीत त्याचा अर्थ आक्षेपार्ह. हिंदी बातम्या ऐकणाऱ्याला वाटेल, दवाखान्यात काहीतरी गैर घडलं.

डोंगरवाट
आमच्याकडे म्हणतात, 'दुखण्यात घर बसलं'. घर बसवणारा खर्च.

गोदाकाठ
'घर बसवणारा' शहरात 'संसार थाटून देणारा' असा वाचतील. 'कंबरडे मोडणारा' चालेल. पण दहा टक्क्यांना कंबरडं मोडतं का, हा प्रश्न आहेच.

कागदपत्र
कुणाच्या कमाईतले दहा टक्के, त्यावर आहे. रोजंदारीवाल्याचे दहा टक्के धान्यातून जातात.

रानजाई
तूर्तास असं करते: तक्त्यांत 'घरून गेलेला थेट खर्च', आणि डोंगरवाटताईंनी सांगितलं तसं मोफत असूनही पैसे द्यावे लागले, तिथे 'पदरमोड'. तपासणाऱ्या बाई एकाच मूळ शब्दाला दोन मराठी शब्द चालवून घेतील का, माहीत नाही.

गोदाकाठ
एका संज्ञेला एकच शब्द, हा साधा नियम आहे. माझा विरोध नोंदवून ठेवा.

मांडवीपार
शिलालेख, तुमच्या 'मोड'बद्दल एक राहिलं. सुट्या पैशांना आमच्याकडे 'मोड' म्हणतात. 'शंभराची मोड आहे?' नोट मोडली की मोड येते. पदरमोडीतली मोड तीच असेल का?

शिलालेख
कोल्हापुराकडेही 'मोड' ऐकलीय! पुण्यात मात्र सगळे 'सुट्टे' म्हणतात. विदर्भात काय म्हणतात, कुणी सांगेल का?