'रफिंग द पासर'ला मराठीत काय म्हणाल?

न्यूजर्सीकर :
मंडळाच्या अंकासाठी अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहितोय. वाचक म्हणजे मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा. रविवारी नातवाशेजारी बसून 'आता का थांबला रे खेळ?' विचारणारे. 'रफिंग द पासर'साठी मी 'फेकणाऱ्याशी धसमुसळेपणा' लिहिलं होतं. संपादक काकूंनी ते खोडून 'चेंडूफेक्यावर हेतुपुरस्सर हल्ला' केलं.
'हेतुपुरस्सर' तर अजिबात नको. नियम हेतू विचारतच नाही. चेंडू सुटून गेल्यावर उशिरा धडकलात, डोक्याला-मानेला किंवा गुडघ्याखाली मारलंत, किंवा अंगाचा सगळा भार टाकून त्याच्यावर पडलात, की पंचाचा पिवळा रुमाल पडतो, म्हणजे नियमभंग. चूक करणाऱ्यांना 15 यार्ड मागे जावं लागतं आणि समोरच्यांना वर आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या चार नव्या संधी. मनात काय होतं हे कोणी विचारत नाही. काकू म्हणतात, धसमुसळेपणा लहान मुलं करतात, एकशेवीस किलोचे बाप्ये करत नाहीत. सुचवा काहीतरी.

शेवटचा बाक :
काकूंना सांगा, 'धसमुसळा खेळ' हा प्रयोग मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर आम्ही लहानपणापासून वाचतोय. साध्या फुटबॉलसाठी चालतो तर या फुटबॉलला का नाही?

विदर्भवाली :
आमच्याकडे 'आडदांडपणा' म्हणतील. किंवा 'दांडगाई'.

शेवटचा बाक :
दांडगाईत जोर दाखवून हक्क गाजवण्याचा भाव आहे. गावगुंड करतो ती दांडगाई. बचावपटू तर बिचारा पगारी नोकर, त्याला क्वार्टरबॅकला, म्हणजे त्या चेंडू फेकणाऱ्याला, पाडायचेच पैसे मिळतात.

शुद्धमती :
इतके ग्राम्य शब्द कशाला? नियमाचे नाव नियमासारखे हवे. 'क्षेपकपीडन' सुचवते. क्षेपक म्हणजे फेकणारा. 'महापौर' ऐकून लोक आधी हसलेच होते, आज तो शब्द परका वाटतो का?

तिरकस :
क्षेपक म्हणजे पोथीत मागाहून कोणीतरी घुसडलेली ओवी हो ताई. 'क्षेपकपीडन' वाचून मला वाटलं, संशोधक प्रक्षिप्त ओव्यांना बडवतायत.

बफेलोकर :
मूळ शब्दातच घोळ आहे. 'रफ' म्हटलं की रफ दिसायला तरी हवं ना? 9 ऑक्टोबर 2022, अटलांटा फाल्कन्स विरुद्ध बकनीर्स. शेवटची तीनेक मिनिटं उरलेली, फाल्कन्सच्या ग्रेडी जॅरेटने बकनीर्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला कमरेला धरून फिरवून खाली घेतलं. डोक्याला हात नाही, उशीर नाही. तरी रेफरी जेरोम बोगरने रुमाल टाकला. सामन्यानंतर त्याचं म्हणणं असं की पकडलेल्या क्वार्टरबॅकला विनाकारण जमिनीवर आपटलं. चेंडू ब्रेडीकडेच राहिला आणि अटलांटा 21-15 हरलं. मी ब्रेडीचा भक्त नाही, बफेलोत राहून कोण असेल? पण हा धसमुसळेपणा नव्हता. ही पकड होती, स्वच्छ.
दुसऱ्याच दिवशी वेगळ्या सामन्यात ख्रिस जोन्सने क्वार्टरबॅक डेरेक कारच्या हातातून चेंडू हिसकावून घेतला, चेंडू स्वतःच्या हातात, आणि तरी अंगाचा भार टाकला म्हणून रुमाल. ज्याच्याकडे चेंडूच उरला नाही तो 'पासर' कसा?

न्यूजर्सीकर :
कारण फेकण्याच्या पवित्र्यातल्या माणसाला स्वतःचं अंग सावरता येत नाही. हात वर, बरगड्या उघड्या. चेंडू गेला तरी त्याचं शरीर त्याच पवित्र्यात असतं. मला तर नियम पटतो.

हौशी पंच :
मी इथे शाळांच्या सामन्यांत पंचगिरी करतो, म्हणून जरा पंचांच्या बाजूने. एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, नियमपुस्तकातच म्हटलंय की क्वार्टरबॅकच्या बाबतीत शंका असेल तर रेफरीने रफिंगच द्यावं. क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला मिळायचा, इथे तो फेकणाऱ्याला मिळतो. तेव्हा बोगरला शिव्या देण्याआधी पुस्तकाला द्या. पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं, आणि घरी बसलेल्याला तेच सहा कोनांतून सावकाश दिसतं.

बफेलोकर :
मग घरी बसलेल्याला जे दिसतं ते पंचांना दाखवा. 2018च्या मोसमाअखेर सेंट्स संघावर ढळढळीत अन्याय झाला तेव्हा 2019मध्ये पास इंटरफिअरन्स (चेंडू झेलणाऱ्याला आधीच अडवणं) व्हिडिओवर तपासायची सोय केली आणि एका मोसमात गुंडाळली. कारण तपासूनही निर्णय बदलायचेच नसतील तर व्हिडिओचं करायचं काय?

कबड्डीवाला सांगली :
'पकड' शब्द वर आला म्हणून लिहितो. टॅकलला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडण्याला, पकडच म्हणा. घोटा पकड, मांडी पकड, सगळं तयार आहे आपल्याकडे. आणि 2024 साली बंद केलेल्या त्या हिप-ड्रॉपला 'बसकण'. मागून कमरेला मिठी मारायची, स्वतःचे पाय सोडायचे आणि समोरच्याच्या पोटऱ्यांवर बसकण मारायची. घोटा गेलाच समजा. आदल्या मोसमात मार्क अँड्र्यूजचा असाच गेला होता. आमच्या मैदानावर मातीत असं कोणी केलं तर गुरुजी आधी कानाखाली काढायचे, मग नियम सांगायचे.

शुद्धमती :
'बसकण' चालेल, पण 'बसकणपकड' असा समास करावा.

कबड्डीवाला सांगली :
करा बापडे. पकड मारणारा मैदानात बसकणच म्हणेल.

डॉक्टरीणबाई पुणे :
शब्दांचं चाललंय तर 'कन्कशन'चंही बघा. मराठी बातम्यांत 'डोक्याला गंभीर दुखापत' असं छापतात, ते चूक आहे, कारण त्यात कवटी फुटण्यापासून सगळं आलं. मी रुग्णांना 'मेंदूला मुका मार' सांगते. फोटोत काही दिसत नाही, रक्त नाही, सूज नाही, पण आत मार बसलेला असतो. आजीबाईंनाही लगेच कळतं.

न्यूजर्सीकर :
मुका मार! हे लेखात घेतो. मायामीचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ याचा किस्सा द्यायचाच होता. 25 सप्टेंबर 2022ला बफेलोविरुद्ध पडला, उठून चालताना झोकांड्या गेल्या, तरी दुसऱ्या अर्धात खेळला. पाठ दुखावली म्हणून झोक गेला असं सांगण्यात आलं. चार दिवसांनी सिनसिनाटीत पुन्हा डोकं आपटलं, बोटं विचित्र आखडली आणि स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. मग ऑक्टोबरात नियम बदलला : कारण काहीही सांगा, तोल गेलेला दिसला की त्या दिवशी परत मैदानात नाही.

डॉक्टरीणबाई पुणे :
त्याला वैद्यकात अटॅक्सिया म्हणतात. 'झोकांडी' एकदम चपखल आहे. फक्त आपल्याकडे झोकांडी म्हटलं की लोकांना दारूडाच आठवतो.

तिरकस :
'झोकांडी गेल्यास खेळाडू बाद.' हा नियम आमच्या गल्लीत लावला तर गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवायला माणूस उरणार नाही.

विदर्भवाली :
बरं, पण 'धसमुसळा' आला कुठून? माझे आजोबा सांगायचे, धसकट आणि मुसळ. कापणीनंतर शेतात टोचणारी खुंटं ती धसकटं, आणि मुसळ तर मुसळच. दोन्हींना नजाकत नाही.

शेवटचा बाक :
आजोबांचा मान राखून, मला ते 'धसणे'वरून वाटतं. घुसणे, धसणे. मुसळासारखा धसतो तो धसमुसळा. शेतकऱ्याला धसकट आठवणारच, पण शब्दात 'कट' कुठंय?

विदर्भवाली :
नुसता 'धस' पण आहे की! ज्वारीचा धस पायात गेला म्हणतात आमच्याकडे. तुमच्या पायात गेला नसेल कधी.

शेवटचा बाक :
पायात गेला म्हणजे शब्दात गेला असं नाही.

बफेलोकर :
भार टाकण्याबद्दल कोणी बोलेल का? 2018मध्ये या कलमावर जोर दिला. त्याच सप्टेंबरात पॅकर्सच्या क्ले मॅथ्यूजवर क्वार्टरबॅकला उचलून आपटलं म्हणून रुमाल पडला, पॅकर्सनी मधेच पकडलेला चेंडू रद्द, सामना वायकिंग्सशी 29-29 बरोबरीत. त्याच महिन्यात मायामीचा विल्यम हेज डेरेक कारवर भार पडू नये म्हणून हवेतच अंग वळवायला गेला आणि त्याचाच गुडघा गेला. मोसम संपला. एकाची सुरक्षा दुसऱ्याच्या गुडघ्यावर!

हौशी पंच :
तो प्रसंग वाईटच. पण 2018लाच डोकं खाली घालून हेल्मेटने धडकण्यावर बंदी आली, तिच्याबद्दल तुम्ही कधी तक्रार करत नाही. मानेचे मणके त्यानेच जातात, मारणाऱ्याचेसुद्धा.

कबड्डीवाला सांगली :
त्याला 'ढुशी'. वासरू आचळाला मारतं तीच.

शुद्धमती :
'शिरोघात' का नको?

कबड्डीवाला सांगली :
शिरोघातात डोक्याला मार बसतो की डोक्याने मार बसतो ते तुम्हीच सांगा. ढुशीत शंका नाही.

न्यूजर्सीकर :
मंडळी, रफिंग राहिलं. आणि आणखी एक अडचण. 15 यार्डांना काकूंनी 'दंड' लिहिलंय. पण इथे दंड वेगळा असतो. पुढच्या आठवड्यात लीग खेळाडूच्या पगारातून पैसे कापते, आणि रुमाल पडला नसला तरी कापते. बसकणीचं तर बहुतेक असंच चालतं, मैदानात काही नाही आणि नंतर घरी पत्र. दोन्हींना दंड म्हटलं तर वाचक गोंधळेल.

शुद्धमती :
यार्डांना 'पीछेहाट', पैशाला 'दंड'.

तिरकस :
पीछेहाट म्हटलं की मराठी वाचक पानिपतावर पोचतो.

हौशी पंच :
जाता जाता, 'पंच' शब्दही तपासा. पंच म्हणजे पाच ना? एनएफएलच्या मैदानावर सात जण असतात. त्यातला पांढऱ्या टोपीवाला रेफरी, बाकीचे काळ्या टोपीवाले. त्या एकाला वेगळं नाव हवं.

कबड्डीवाला सांगली :
खो-खोत आहे की. सरपंच.

शेवटचा बाक :
क्रिकेटच्या मैदानात दोनच उभे असतात, त्यांना आपण पंचच म्हणतो. आकड्यावर जाऊ नका.

विदर्भवाली :
सरपंच नको हो. आमच्या गावच्या सरपंचाने कधी कोणावर रुमाल टाकलेला पाहिला नाही. आणि धस म्हणजे खुंट, हे मी सोडणार नाही.