अनुभव धागा: आमच्या घरातली सिस्टर

धागाकर्ती (वसई)

परवा रात्री आमच्या ओटीवर आत्याची बॅग काट्याला लटकवली होती. केळीचे लोंगर तोलायचा स्प्रिंगचा जुना काटा. भाऊ तो दोन्ही हातांनी उचलून धरून उभा, मी मोबाइलच्या उजेडात आकडा वाचतेय, आणि आत्या खुर्चीत बसून फर्मान सोडतेय, "अजून दोन किलो काढ. मसाल्याला हात लावू नकोस." विमानात २३ किलोच चालतात.

आत्या सिस्टर आहे, म्हणजे कॅथलिक नन. टांझानियात, दार-एस-सलामपासून आत मोरोगोरोच्या बाजूला तिच्या संस्थेचा दवाखाना आहे. तिथे २२ वर्षं नर्स. तीन वर्षांतून एकदा घरी येते. आल्या आल्या रेडिओसारखी सुरू होते. तिकडे दुकानाला 'दुका', औषधाला 'दावा', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', आंब्याला 'एम्बे', आणि चपातीला चपातीच. नारळाची खवणी म्हणजे 'म्बुझी', अर्थ बकरी. म्हणजे चार पायांवर उभी आणि तोंड पुढे काढलेली. बघा, पटतं की नाही. मोठी माणसं भेटली की 'शिकामू' म्हणायचं. त्याची फोड 'मी तुमचे पाय धरते' अशी सांगतात. आत्या म्हणते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तिच्या नावावर काहीच नाही. पगार संस्थेच्या खात्यात, तिकीट संस्थेचं. सुट्टीला हातखर्च मिळतो, त्याचा हिशेब परत गेल्यावर द्यायचा. तिच्या छोट्या वहीत 'रिक्षा १५' असं लिहिलेलं मी पाहिलंय. मी म्हटलं, आत्या, पंधरा रुपये कोण विचारणार? तर म्हणे, "वही विचारते."

सिस्टर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, मदर तेरेसा आणि कॉन्व्हेंटमधली छडी. मदर स्वतः परदेशातून आलेल्या मिशनरी होत्या, १९२९ च्या जानेवारीत कोलकात्याला उतरल्या तेव्हा १८ वर्षांच्या, हे आपण विसरूनच गेलोय. आणि १९६५ मध्ये त्यांच्या संस्थेने भारताबाहेरचं पहिलं घर उघडलं ते व्हेनेझुएलात, कोकोरोते नावाच्या गावी. म्हणजे इथून तिकडे जाणंही काही कालपरवाचं नाही.

तर लिहा. सिस्टरांनी स्वतः लिहिलं तर उत्तमच. घरातल्यांनी, विद्यार्थ्यांनी, पेशंटांनी लिहा. सोडून आलेल्यांनी तर जरूर लिहा.

एक सिस्टर, इटलीहून

मी श्रीरामपूरकडची. धागा भाचीने पाठवला.

मला वाटायचं, मिशन म्हणजे आफ्रिका. जंगल, जीप, लहान मुलं. नोव्हिशिएट म्हणजे व्रतांआधीचं तयारीचं वर्ष झालं, ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही पहिली व्रतं घेतली, वर्षा-वर्षाने ती पुन्हा घेत राहिले, मग अंतिम व्रतं. त्यानंतर प्रोव्हिन्शियलनी, म्हणजे आमच्या प्रांताच्या प्रमुखांनी, बोलावून सांगितलं, "इटली." मी दोन दिवस गप्प होते. इटलीत मिशन कसलं?

इथे आल्यावर कळलं. मोठा दगडी मठ, ६० खोल्या, त्यात १४ म्हाताऱ्या सिस्टर, सगळ्यांत तरुण ७१ वर्षांची. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) चाकाच्या खुर्चीतून न्यायचं. आम्ही चौघी भारतीय. भाषा सहा महिन्यांत शिकायची. राहण्याच्या परवान्यासाठी पोलीस कचेरीत पहाटेपासून रांग, पुढेमागे बांगलादेशी आणि सेनेगलचे लोक. रांगेत झग्याचा काही उपयोग होत नाही.

त्या १४ जणींतली एक तरुणपणी भारतात होती, आपल्याच भागात. आता तिला कुणाचं नाव आठवत नाही, स्वतःच्या बहिणीचंही नाही. पहिल्या आठवड्यात मी तिला पलंगावरून उचलत होते तर ती मराठीत म्हणाली, "हळू, हळू." माझ्या हातातून ती सुटलीच असती. मग मी रोज मराठीतच बोलू लागले. जून महिन्यात एकदा तिने खिडकीकडे बघून विचारलं, "पाऊस आला का?" बाहेर रखरखीत ऊन. मी म्हटलं, "आला हो सिस्टर, चांगला आला." खोटं बोलल्याचं कन्फेशनमध्ये सांगितलं नाही.

१९७० च्या सुमारास जगात दहा लाख सिस्टर होत्या, आता सहा लाखांच्या आत आल्यात. युरोपात नव्या मुली येत नाहीत, म्हणून आम्ही इथे.

लोक विचारतात ते ब्रह्मचर्याबद्दल. दारिद्र्याबद्दल एखादा. आज्ञापालनाबद्दल कुणी विचारत नाही. मला जड गेलं ते तेच. बदलीचा कागद येतो तेव्हा तुमचं मन एका जागी रुजलेलं असतं, आणि १५ दिवसांत निघायचं असतं.

दीड वर्षाने परत आलेली

धागाकर्तीने 'सोडून आलेल्यांनी जरूर' लिहिलं म्हणून धीर आला.

बारावीनंतर गेले. आधी पोस्ट्युलन्सी, म्हणजे उमेदवारीचा काळ, मग नोव्हिशिएट. चर्चच्या कायद्याने नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं असावंच लागतं. आमच्याकडे त्या वर्षात घरी जाणं नाही, फोन नाही. मला शांतता आवडायची. पहाटेची प्रार्थना तर अजून आठवते, हार्मोनियमचा एक सूर नेहमी अर्धा उशिरा यायचा. अडलं ते प्रश्नांवर. मला कारण हवं असायचं. आमच्या प्रमुख एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला देवाचं बोलावणं नाही, वकिलीचं आहे." सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री ठरवलं.

नोव्हिस केव्हाही जाऊ शकते, व्रतं झालेली नसतात, कुणाची खास परवानगी लागत नाही. कायदा इतका सोपा. गाव तेवढं सोपं नाही. एसटीतून उतरले तर चौकातल्या बाईने पहिला शब्द काढला तो 'पळून आली'. आईने मात्र काही विचारलं नाही. पाटावर बसवून फुगे (पिठाचे तळलेले गोळे) वाढले.

आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दोन मुलं आहेत. माझ्या बॅचची एक पापुआ न्यू गिनीत आहे. तिचे व्हॉइस मेसेज येतात. तिकडच्या टोक पिसिन भाषेत हॉस्पिटलला 'हाउस सिक' म्हणतात आणि चर्चला 'हाउस लोटू'. लोक दिवसभर सुपारी चघळतात, 'बुआई', चुन्याबरोबर. ही पानवेलीच्या वाडीत वाढलेली पोर! तिने पहिल्याच महिन्यात लिहिलं होतं, "इथली माणसं थुंकतात अगदी आपल्यासारखी, घरची आठवण येते."

पुण्याची डॉक्टर

मी कॅथलिक नाही. पण इंटर्नशिपनंतर मी सहा महिने एका मिशन हॉस्पिटलात होते, तिथल्या प्रमुख स्त्रीरोगतज्ज्ञ सिस्टर होत्या. पेशंटचे नातेवाईक त्यांना 'सिस्टर' ऐकून नर्स समजायचे आणि मला, त्यांच्या हाताखालच्या पोरीला, 'मॅडम' म्हणून रिपोर्ट विचारायचे. त्या दुरुस्त करायच्या नाहीत. मी करायला गेले की डोळ्यांनी गप्प बसवायच्या.

त्यांनीच सांगितलेली गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी सिस्टरने डॉक्टरकी करणं, त्यातही बाळंतपण करणं, चर्चच्या नियमात बसत नव्हतं. तिकडे रावळपिंडीत पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जायच्या नाहीत आणि बाळंतपणात मरायच्या. तिथे काम केलेली ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगल. तिने हे पाहिलं आणि १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली. रोमने सिस्टरांना हे काम करायची परवानगी दिली ती १९३६ मध्ये. म्हणजे संस्था आधी, परवानगी ११ वर्षांनी! आज्ञापालनाबद्दल वर लिहिलंय म्हणून हे आठवलं. आमच्या मॅडम ही गोष्ट सांगताना '११ वर्षांनी' या शब्दावर हसायच्या.

आणि 'परदेशातून आलेल्या संस्था' म्हणताना जरा थांबा. फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ही आज जगभर पसरलेली संस्था १८७७ मध्ये आपल्या उटीत सुरू झाली. काढणारी बाई फ्रेंच, पण संस्थेचा जन्म निलगिरीतला.

धाकटीचा भाऊ

माझी बहीण नैरोबीत शिकवायची. ४ मार्च २०१६, शुक्रवार. टीव्हीवर पट्टी आली, येमेनमध्ये नन्सवर गोळीबार. एडनला मदर तेरेसांच्या संस्थेचा वृद्धाश्रम होता. १६ माणसं मारली, त्यात चार सिस्टर. दोघी रवांडाच्या, एक केनियाची, एक आपल्या झारखंडची. १९९८ मध्येही येमेनमध्येच, होदेदाला, याच संस्थेच्या तिघींना गोळ्या घातल्या होत्या.

बाबांनी माझ्या मुलाचा शाळेचा नकाशा मागवला. नैरोबीवर अंगठा, एडनवर तर्जनी. वीतभरही अंतर नाही. "एवढंच?" मी सांगत होतो, बाबा, मध्ये समुद्र आहे, देश आहेत. ते बोटं हलवेनात. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. बाबांनी कानाला लावला, ती काय बोलली माहीत आहे? "तीन दिवस नळाला पाणी नाही, डोकं धुवायचं राहिलंय." बाबा म्हणाले, "धू, धू," आणि फोन माझ्या हातात दिला.

आम्हाला कुणी 'देवाला दिलेली मुलगी' म्हणालं की बाबांना आवडत नाही. ते म्हणतात, दिली वगैरे काही नाही, ती गेली.

मावशीची सही

थोडक्यात लिहितो. अंतिम व्रतांच्या आधी सिस्टरला स्वतःच्या मालमत्तेची व्यवस्था लावावी लागते. मावशी त्यासाठी रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोड करायला आली होती. कारकुनाने तीनदा विचारलं, "कुणाचा दबाव?" ती म्हणाली, "आहे, पण तुमच्या रकान्यात बसणारा नाही." मामा अजून हे वाक्य लग्नाकार्यात सांगतो. सातबाऱ्यावरून नाव गेलं, आजीच्या पेटीतली तिची पितळी लोटी मात्र कुणी वाटणीत धरली नाही.

एक वाचक

स्पष्ट विचारतो, राग नसावा. हे शेवटी धर्मप्रसारासाठीच ना?

धागाकर्ती

राग कसला. तुमचा प्रश्न आत्याला जेवताना वाचून दाखवला. म्हणाली, "सकाळी मिस्सा असते, येशूचं नाव घेते, ते लपवलेलं नाही. मिशन हा शब्द काय उगाच लावलाय?" मग म्हणाली, तिच्या दवाखान्याच्या रांगेत मुसलमान खूप असतात, आणि रजिस्टरला चार रकाने आहेत: नाव, वय, गाव, ताप किती दिवस. मलेरियाच्या मोसमात चौथाच रकाना वाचायला वेळ असतो. तिकडे चर्च तिच्या आधीपासूनचं आहे, बागामोयोचं मिशन १८६८ चं.

माझं मत विचाराल तर, मिशन आणि साम्राज्य बऱ्याचदा एकाच जहाजातून आलं, हे आम्ही वसईकरांनी नाकारण्यात अर्थ नाही, पोर्तुगीजांचा किल्ला समोरच आहे. आमचा वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया इथून जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला. तोही दूरदेशीच गेलेला. यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

बॅगेचं विचारणाऱ्यांसाठी: काल पहाटे आत्याला विमानतळावर सोडलं. घरच्या काट्यावर बरोबर २३ भरली होती. काउंटरवर २४.८. आत्याने तिथेच जमिनीवर बॅग उघडली, आईने दिलेल्या दोन सुती साड्या आणि एक स्वेटर काढून माझ्या हातात दिला. सुकेळी (वाळवलेली केळी) आणि बाटलीचा मसाला आत. पुन्हा तोलली, २३. हात हलवून गेली.

परत येताना गाडीत भाऊ बराच वेळ गप्प होता. मला वाटलं आत्यासाठी. वसईच्या खाडीपाशी म्हणाला, "म्हणजे आपला काटा पावणेदोन किलो कमी दाखवतो. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक लोंगरामागे आपण व्यापाऱ्याला..." आणि पुढे बोलेना.