मदत हवी आहे: मॅनेज्ड स्विचच्या एकाच पोर्टवर स्पीड-डुप्लेक्स फिक्स करायचंय

मंडळी, वर्कशॉपमधल्या जुन्या सीएनसी मशीनचं नेटवर्क कार्ड 100 एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी डेटा पाठवणं आणि घेणं दोन्ही) फिक्स आहे, ते बदलायचा ऑप्शनच कंट्रोलरमध्ये नाही. आता नवीन 24 पोर्टचा मॅनेज्ड (प्रत्येक पोर्टची सेटिंग बदलता येणारा) स्विच बसवलाय, सगळे पोर्ट ऑटोवर (ऑटो-निगोशिएशन, म्हणजे स्पीड-डुप्लेक्स समोरच्याशी आपोआप ठरवणं), बाकी पीसी झकास चालतात पण मशीनचा पोर्ट 100 हाफ (एका वेळी एकच, पाठवणं किंवा घेणं) दाखवतो. पिंग (छोटा चाचणी मेसेज) व्यवस्थित जातं, त्यामुळे पटकन लक्षातच येत नाही, पण मोठी प्रोग्राम फाईल पाठवायला घेतली की रडतखडत जाते नाहीतर मध्येच तुटते आणि त्या पोर्टच्या काउंटरमध्ये लेट कोलिजनचा (डेटा पाठवताना उशिरा होणाऱ्या टकरींचा) आकडा वाढत जातो. माझ्या मते समोरून ऑटो-निगोशिएशन होत नसल्यामुळे स्विचला स्पीड ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, म्हणून तो हाफ धरून बसतो.

मग फक्त ह्याच पोर्टला 100 फुल दिलं तर पुरेल ना? दुसरं म्हणजे असं फिक्स केल्यावर काही स्विचमध्ये ऑटो एमडीआयएक्स (केबल साधी की क्रॉस ते ओळखून आपोआप जुळवून घेणं) बंद होतं म्हणतात, तर साधी पॅच केबल चालेल की क्रॉस केबल (पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा अदलाबदल केलेली) बनवून ठेवू? मशीनवर दिवसभर जॉब लागलेले असतात, लिंक गेली तर ऑपरेटरचं काम अडतं, म्हणून हात लावण्याआधीच विचारतोय. कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.