गुरूच्या शेजारी मोकळ्या आकाशात अचानक चंद्र उगवला. हे काय असावं?

उत्तररात्र

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ११४ मिमीची आरशाची छोटी दुर्बीण आहे. काल संध्याकाळी अंधार पडल्या पडल्या गुरूवर लावली. सध्या तो त्या वेळी आकाशात चांगला वर असतो. बिंबावरचे दोन पट्टे स्वच्छ दिसत होते, पण चंद्र तीनच. चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे असेल असं धरून मी पट्टेच बघत बसलो.

थोड्या वेळाने बिंबाच्या एका बाजूला, पण कडेपासून बऱ्याच अंतरावर (गुरूच्या रुंदीच्या साधारण दीडपट), एक अगदी मंद ठिपका जाणवायला लागला. आधी वाटलं भास आहे. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) बदलली, तरी ठिपका तिथेच. सावकाश उजळत सात-आठ मिनिटांत तो ठळक झाला, आणि शेवटी चौघांत तोच सगळ्यात तेजस्वी होता.

मागून बाहेर येणारा चंद्र बिंबाच्या कडेला चिकटून दिसायला हवा ना? हा मोकळ्या काळ्या आकाशात कुठून आला? ढग नव्हते, आरशावर दव नव्हतं, बाकीचे तिघे पूर्ण वेळ जसेच्या तसे होते. कुणाला कल्पना आहे का?

दशमान

मागूनच आला असणार. कडेजवळ असताना गुरूच्या झगमगाटात दिसला नसेल, जरा लांब गेल्यावर दिसला. माझ्या बायनॉक्युलरमध्ये गुरूचा सर्वांत जवळचा मोठा चंद्र आयो कायम असाच हरवतो.

ध्रुवमत्स्य

दशमान, बायनॉक्युलरच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे. पण इथे ते बसत नाही. ११४ मिमी दुर्बिणीत दीड बिंब अंतरावर गुरूचा झगमगाट एवढा आड येत नाही. शिवाय तेवढं अंतर सरकायला गॅनिमीडसारख्या चंद्राला पाच तासांहून जास्त वेळ लागतो. उत्तररात्र सांगतायत तो ठिपका जागच्या जागी उजळला.

उत्तररात्र, तुम्ही गुरूच्या चंद्राचं ग्रहण सुटताना पाहिलंत. ठरवून बघणाऱ्यांनाही ते पहिल्यांदा गवसायला वेळ लागतो, तुम्हाला ते न ठरवता मिळालं. मनापासून अभिनंदन!

झालं असं. गुरूची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला सुमारे ९ कोटी किलोमीटर लांब पसरलेली असते. चौघांतला सर्वांत लांबचा कॅलिस्टोसुद्धा गुरूपासून १९ लाख किलोमीटरच्या आतच फिरतो, त्यामुळे चंद्रांच्या दृष्टीने ती सावली म्हणजे न संपणारा बोगदाच. प्रतियुतीच्या दिवशी (पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधोमध येते तेव्हा) सूर्य आपल्या बरोबर पाठीशी असतो, म्हणून सावलीही बरोबर गुरूच्या मागे लपते आणि आपल्याला तिचा पत्ता लागत नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपण बाजूला सरकतो. मग सूर्याचा प्रकाश एका दिशेने आणि आपली नजर दुसऱ्या दिशेने, अशा दोन रेषांत ११-१२ अंशांपर्यंत फरक पडतो. तेवढ्याने सावली बिंबाच्या पूर्वेला तिरकी डोकावते. संध्याकाळीच गुरू आकाशात वर असतो म्हणताय, म्हणजे तुम्ही नेमके त्याच काळात आहात. आपल्याला दिसणारं ते आकाश मोकळं, पण तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही. चंद्र तिथे होता, फक्त त्याच्यावर ऊन नव्हतं.

आता तो कोण हे तुमच्याच वर्णनावरून सांगता येतं, आणि या सगळ्यात मला हाच भाग सर्वांत आवडतो. आयो गुरूच्या इतका जवळ आहे की त्याचं ग्रहण सुटतं तेव्हा तो कडेपासून फार तर बिंबाच्या निम्म्याहून थोडा जास्त दूर असतो. दीड बिंब अंतर त्याला जमणारच नाही. शिवाय आयो सेकंदाला १७ किलोमीटर पळतो, साडेतीन-चार मिनिटांत सावलीबाहेर पूर्ण येतो. युरोपाचंही साधारण तसंच, चार मिनिटं. सात-आठ मिनिटं लावणारा म्हणजे मोठा आणि संथ: गॅनिमीड. व्यास ५,२६८ किलोमीटर, वेग सेकंदाला जेमतेम ११ किलोमीटर. भागाकार करून बघा, आठ मिनिटंच येतात. कॅलिस्टो याहून संथ आहे, पण तो चौघांत सर्वांत मंद दिसतो. तुमचा ठिपका शेवटी सर्वांत तेजस्वी झाला, तिथे कॅलिस्टो बाद.

एक गोष्ट पडताळून बघा. दुर्बीण हलवू नका, गुरूला आपोआप सरकू द्या. तो ज्या बाजूने दृष्टिक्षेत्राबाहेर जातो ती पश्चिम. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं असतं, डावं-उजवं लक्षात ठेवण्यात अर्थ नाही, सरकण्याची दिशा मात्र कधी फसवत नाही. तुमचा चंद्र पूर्वेच्या बाजूला उगवलेला असणार. प्रतियुतीच्या आधीच्या महिन्यांत याच्या उलट होतं: सावली पश्चिमेला असते आणि चालत आलेला चंद्र कडेला पोचायच्या आतच विझतो.

आणि आधीचे काही तासही अंधाराचे असते तर आणखी एक गंमत दिसली असती. गॅनिमीड गुरूच्या मागून पूर्वेच्या कडेला बाहेर येतो, तास-दीड तास नीट दिसतो आणि मग मोकळ्या आकाशात विझतो. एकाच फेरीत आधी पिधान (बिंबामागे झाकलं जाणं), नंतर ग्रहण, आणि दोन्ही वेगवेगळे बघता येतात. आयोचं असं कधीच दिसत नाही. त्याच्या ग्रहणाची सुरुवात किंवा शेवट नेहमी बिंबामागे झाकलेला राहतो.

उत्तररात्र

काय सांगू, वाचून अंगावर काटा आला. आत्ताच स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ मागे नेऊन पाहिली. गॅनिमीडच निघाला! आणि बाजू पूर्वच.

दोन प्रश्न मात्र डोक्यात राहिले. आपल्या चंद्राला खग्रास ग्रहण लागतं तेव्हा तो तांबूस होतो, पण दिसत राहतो. गॅनिमीड तर पार नाहीसा होता. आणि आपल्याकडे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, मग गुरूकडे हा योग किती दुर्मीळ?

ध्रुवमत्स्य

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते फार आनंदाचं आहे: दुर्मीळ अजिबात नाही. आपल्या चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली आणि पृथ्वीची सावली तिथे पोचेपर्यंत बारीक झालेली, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. गुरूचा आस जेमतेम ३ अंश कललेला आहे, त्याचे मोठे चंद्र जवळजवळ विषुववृत्ताच्याच पातळीत फिरतात आणि सावलीची रुंदी गुरूएवढीच म्हणा ना. आयो, युरोपा आणि गॅनिमीड प्रत्येक फेरीला ग्रहणात सापडतात, सुटका नाही. आयोला तर दर साडेबेचाळीस तासांनी. कॅलिस्टो इतका लांब आहे की तेवढा कलही त्याला पुरतो. काही वर्षं तो सावलीत शिरतो, काही वर्षं वरून-खालून जातो.

आता तांबूसपणा. पृथ्वीचं वातावरण सूर्यप्रकाश वाकवून सावलीच्या आत ढकलतं, त्यातला लाल भाग आपल्या चंद्रापर्यंत पोचतो. गुरूकडेही वातावरण आहे, पण सावलीतल्या चंद्रापर्यंत पोचणारा प्रकाश इतका क्षीण असतो की छोट्या दुर्बिणीला काहीच दिसत नाही. बुधापेक्षा मोठा गोल (बुधाचा व्यास ४,८७९ किलोमीटर) तुमच्या नजरेसमोर असून नव्हता. वस्तुमानात मात्र गॅनिमीड बुधाच्या निम्म्यालाही भरत नाही, कारण त्यात बर्फाचा वाटा फार मोठा आहे.

हिमरेषा

थोडी भर घालतो. ग्रहणाचा परिणाम त्या चंद्रावरही होतो, आणि आयोवर तर जबरदस्त. त्याचं विरळ वातावरण मुख्यतः सल्फर डायऑक्साइडचं आहे. हवाईमधल्या जेमिनी दुर्बिणीने आयो सावलीत शिरताना वेध घेतले होते, निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पृष्ठभागाचं तापमान उणे १४८ अंश सेल्सियसवरून उणे १६८ पर्यंत घसरतं आणि तो वायू गोठून जमिनीवर बसतो. वातावरण कोसळतंच म्हणायचं. ऊन आलं की पुन्हा वाफ होऊन वर. दर साडेबेचाळीस तासांनी हेच.

आणि आयोच्या ज्वालामुखींना सावलीचं काही देणंघेणं नाही, ते अंधारातही धगधगत असतात. त्यांची उष्णता सूर्याकडून येत नाही. आयोच्या चार फेऱ्यांत युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते, त्या तालामुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही आणि गुरूची ओढ त्याला आतून सतत मळत राहते.

दशमान

माझं समाधान झालं, ध्रुवमत्स्य. झगमगाटाचं गणित इथे लागत नाही हे पटलं. एक विचारतो: ग्रहणं इतकी नेमाने होतात तर पूर्वी त्यांचा घड्याळासारखा उपयोग करायचे असं ऐकलंय. खरं का?

ध्रुवमत्स्य

खरं, आणि त्यातूनच पुढे काय निघालं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हे चंद्र पाहिले आणि पुढे रेखांश काढण्यासाठी त्यांचा उपयोग सुचवला. एकच ग्रहण दोन ठिकाणांहून पाहायचं आणि स्थानिक वेळेतला फरक काढायचा. हलत्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहीना, म्हणून समुद्रावर ते फसलं. जमिनीवर मात्र उत्तम चाललं. कॅसिनी या खगोलज्ञाने ग्रहणांची वेळापत्रकं तयार केली. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश खगोलज्ञाने आयोच्या वेळांत एक सुसंगत फरक हेरला. पृथ्वी गुरूपासून दूर जात असते त्या महिन्यांत ग्रहणं उत्तरोत्तर उशिरा पडतात, जवळ येत असते तेव्हा लवकर. त्याचा अर्थ त्याने १६७६ मध्ये मांडला: प्रकाशाला यायला वेळ लागतो. त्याआधी प्रकाश क्षणात पोचतो असं मानणारे मोठमोठे लोक होते.

आता उत्तररात्र, तुमच्या कालच्या संध्याकाळीच बघा. गुरू संध्याकाळी वर असतो त्या काळात पृथ्वी जवळजवळ सरळ रेषेत त्याच्यापासून पळत असते, सेकंदाला ३० किलोमीटर. आयोच्या एका फेरीत आपण ४६ लाख किलोमीटर मागे हटतो. प्रकाशाला ते अंतर कापायला १५ सेकंद. म्हणजे आयोचं प्रत्येक ग्रहण आदल्यापेक्षा १५ सेकंद उशिरा कळतं. एकदा बघून हे कळायचं नाही, पण १५-१५ सेकंद साठत जातात आणि महिन्याभरात चार मिनिटं होतात. चार मिनिटं साध्या मनगटी घड्याळावर मोजता येतात! रोमरने पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं काढलं. आजचा आकडा सुमारे १६ मिनिटं ४० सेकंद. आकडा बराच चुकला, पण प्रकाशाचा वेग मर्यादित आहे ही गोष्ट चारचौघांना वापरता येईल अशा दुर्बिणीने आणि चिकाटीने ठेवलेल्या नोंदींनी सिद्ध झाली. पुढे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने त्यावरून वेगाचा प्रत्यक्ष हिशोब मांडला.

गुरूवर दुर्बीण लावायची, पट्टे बघायचे, फोनने फोटो काढायचा आणि शनीकडे वळायचं, असं करणारे खूप आहेत. त्यांनी एकदा तरी वही घेऊन बसावं असं मला फार वाटतं.

उत्तररात्र

वही आजच घेतो. गॅनिमीड पुन्हा कधी? आणि नोंद काय काय करायची?

ध्रुवमत्स्य

गॅनिमीडचं ग्रहण ७ दिवस ४ तासांनी परत येतं. काल संध्याकाळी आठच्या सुमारास पाहिलं असेल तर पुढच्या आठवड्यात मध्यरात्री, आणि तोवर गुरू मावळायला टेकलेला असेल. त्याच्या मागे लागू नका, आयो धरा. साडेबेचाळीस तास हिशोबात धरून पुढच्या दोन-तीन आठवड्यांतल्या वेळा स्टेलॅरियममधून काढून ठेवा, त्यातल्या काही सोयीच्या वेळी पडतीलच.

सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आयपीसला डोळा लावा. पूर्वेच्या कडेबाहेर, गुरूच्या विषुववृत्ताच्या रेषेत नजर ठेवा. जमलं तर गुरू दृष्टिक्षेत्राच्या किंचित बाहेर ढकला, म्हणजे झगमगाट कमी होतो (दशमान, इथे तुमचा मुद्दा कामाचा आहे, आयो कडेच्या खरंच जवळ उगवतो). पहिला पुसट ठिपका जाणवला ती वेळ लिहा, सेकंदांसकट. मग शेजारच्या एखाद्या चंद्राएवढा झाला ती वेळ. हवा कशी होती, कोणती आयपीस, हे त्याच ओळीत. घड्याळ आधी फोनच्या वेळेशी जुळवून घ्या. पहिल्या ठिपक्याची वेळ दुर्बिणीवर आणि डोळ्यावर अवलंबून असते, म्हणून दर वेळी तीच दुर्बीण आणि तीच आयपीस वापरा.

दोन-तीन नोंदी झाल्या की इथे टाका. आकडेमोड आपण मिळून करू.